रॉकी पर्वतातल्या नॅशनल पार्कांत तंबूचा मुक्काम: आधी काय, नंतर काय

दर वर्षी मे महिन्यात मला ठरावीक फोन येतात. "जुलैत यलोस्टोनला निघालोय. विमानाची तिकिटं झाली, गाडी झाली, नवा तंबूही घेतला. आता चांगलं कॅम्पग्राउंड कुठलं तेवढं सांग." तोवर चांगलं-वाईट कुठलंच कॅम्पग्राउंड शिल्लक राहिलेलं नसतं. मग पार्कच्या बाहेर दीड तासावर महागडी खोली घ्यावी लागते, रोज तीन तास गाडीत जातात, आणि नवा तंबू डिकीतून बाहेरच येत नाही.

या मंडळींची हौस कमी नसते आणि सामानही उत्तम असतं. गडबड होते ती क्रमात. जे काम सहा महिने आधी करायचं ते सहा आठवडे आधी केलं जातं, आणि जे संध्याकाळी पाच वाजता उरकायला हवं ते रात्री नऊला टॉर्चच्या उजेडात चालू असतं. म्हणून इथे पार्कांचं वर्णन नाही. कामं ज्या क्रमाने करायची त्या क्रमाने लिहिली आहेत.

हा लेख अमेरिकेतल्या ग्लेशियर, यलोस्टोन, ग्रँड टीटन आणि रॉकी माउंटन या चार पार्कांपुरता आहे. गाडीने जायचं, कॅम्पग्राउंडवर तंबू ठोकायचा आणि दिवसा ट्रेल चालायचे, असा बेत मी धरला आहे. पाठीवर सामान घेऊन रानात मुक्काम करणाऱ्यांसाठी शेवटाकडे एक वेगळा टप्पा आहे.

## टप्पा १: पार्क किती आणि दिशा कोणती

आठवड्याला दोन पार्क, त्याहून जास्त नाही. नकाशावर ही पार्कं जवळ दिसतात. टीटन आणि यलोस्टोन एकमेकांना लागून आहेतही, पण यलोस्टोनहून ग्लेशियरला जायला अख्खा दिवस जातो, आणि टीटनहून रॉकी माउंटनला जायलाही तितकाच. शिवाय एकट्या यलोस्टोनमधला आठच्या आकाराचा मुख्य रस्ता १४२ मैलांचा आहे. वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी ताशी ४५ मैल, आणि बायसनचा, म्हणजे गव्यासारख्या दांडग्या रानटी प्राण्याचा, कळप रस्त्यावर आला की तासभर तिथेच.

दिशेचा विचार तर फारच थोडे लोक करतात. डेन्व्हरला विमानाने उतरायचं आणि त्याच संध्याकाळी रॉकी माउंटनमधल्या मोरेन पार्क कॅम्पग्राउंडवर तंबू लावायचा, हा सगळ्यांचा आवडता बेत. मोरेन पार्क ८,००० फुटांच्या वर आहे. समुद्रसपाटीला राहणारा माणूस सकाळी घरून निघून रात्री तिथे झोपला, तर डोकेदुखी, मळमळ आणि झोपेचं खोबरं ठरलेलं. दुसऱ्या दिवशी ट्रेल रिज रोडने गाडी १२,१८३ फुटांवर गेली की मुलं मागच्या सीटवर उलट्या करतात, आणि आपण दोष देतो नाश्त्याला.

वेळ आणि पैसा परवडत असेल तर खालून वर जा. ग्लेशियरमधलं ॲपगार कॅम्पग्राउंड ३,२०० फुटांच्या आसपास आहे, मेनी ग्लेशियर ५,००० फुटांच्या जरा खाली. टीटनमधला कोल्टर बे ६,८०० फुटांवर, यलोस्टोनमधली कॅन्यन आणि ग्रँट व्हिलेज ८,००० च्या जरा खाली, आणि रॉकी माउंटन सगळ्यांत शेवटी. शरीर आपोआप सरावतं. एका विमानतळावर घेतलेली गाडी दुसरीकडे सोडायचे जादा पैसे पडतात, ते आधी विचारून घ्या. डेन्व्हरहूनच सुरुवात करायची असेल तर पहिली रात्र डेन्व्हरमध्येच काढा. ते ५,२८० फुटांवर आहे, म्हणजे मधली पायरी होते.

महिना कोणता? जुलैचा मध्य ते सप्टेंबरचा पहिला आठवडा. ग्लेशियरमधला गोइंग-टू-द-सन रोड बर्फ काढून पूर्ण उघडायला बरेचदा जूनचा शेवट किंवा जुलै उजाडतो. जूनमध्ये वरचे ट्रेल बर्फाखाली असतात.

तपासणी: पुढे जाण्याआधी एका कागदावर रात्री लिहा. तारीख, पार्क, कॅम्पग्राउंडची उंची. पहिल्या दोन रात्रींत ८,००० च्या वरचा आकडा आला तर क्रम बदला.

## टप्पा २: जागा आधी, विमान नंतर

या टप्प्यावर सगळ्यांत जास्त सहली फसतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

रिक्रिएशन डॉट गव्ह ही सरकारी साइट. या चार पार्कांतल्या बऱ्याचशा कॅम्पग्राउंडांची नोंदणी तिथे होते, आणि बहुतेक जागा सहा महिने आधी, रोज एकेक दिवस पुढे सरकत, खुल्या होतात. १५ जुलैची रात्र हवी असेल तर १५ जानेवारीला सकाळी बसायचं. वेळ साधारणपणे पूर्व किनाऱ्याची सकाळी दहाची असते. मात्र प्रत्येक कॅम्पग्राउंडच्या पानावर त्याचा स्वतःचा नियम लिहिलेला असतो, तो आधी वाचा. यलोस्टोनची तऱ्हा वेगळी आहे. मॅडिसन, कॅन्यन, ग्रँट व्हिलेज, ब्रिज बे ही मोठी कॅम्पग्राउंडं पार्कातली हॉटेलं चालवणारी कंपनी बघते, त्यांची नोंदणी तिच्या साइटवर होते आणि ती जवळपास वर्षभर आधी सुरू होते. रिक्रिएशन डॉट गव्हवर शोधून "यलोस्टोन फुल आहे" म्हणणारे बरेचदा चुकीच्या दारात उभे असतात.

नोंदणीच्या सकाळचा क्रम असा:

१. आदल्या रात्री खातं उघडून लॉगिन करून ठेवा. पत्ता, फोन, कार्ड भरून ठेवा.

२. कॅम्पग्राउंडचा नकाशा बघून हव्या असलेल्या आठ-दहा जागांचे नंबर कागदावर उतरवा. स्वच्छतागृहाच्या अगदी शेजारची जागा टाळा, रात्रभर दार आपटत राहतं. नदीकाठची जागा फोटोत छान, पण थंडी आणि डास तिथेच जास्त.

३. जागेच्या वर्णनात तंबूला परवानगी आहे का, ते बघा. यलोस्टोनमधलं फिशिंग ब्रिज हे फक्त पक्क्या भिंतींच्या आरव्हीसाठी, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाड्यांसाठी, आहे. कारण अस्वलं. कापडी तंबू तिथे चालत नाही, आणि हे न वाचता नोंदणी करून दारातून परत फिरलेली दोन कुटुंबं मला माहीत आहेत.

४. शुक्रवारऐवजी रविवार किंवा सोमवारपासून सुरू होणाऱ्या रात्री मागा.

५. जागा मिळाल्यावर प्रवेशाचं बघा. रॉकी माउंटनमध्ये साधारण मेच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ठरावीक वेळेचं प्रवेश आरक्षण लागतं, आणि बेअर लेक रोडसाठीचं आरक्षण वेगळ्या प्रकारचं असतं. हे नियम दर वर्षी हलतात. मागच्या वर्षी गेलेल्या मित्राचं ऐकू नका, नॅशनल पार्क सर्व्हिसच्या साइटवर त्या पार्कचं पान उघडा.

६. हे सगळं झाल्यावर विमान आणि गाडी.

आईबाबा भारतातून येणार असतील तर आणखी एक गोष्ट. २०२६ पासून अमेरिकेबाहेरच्या पर्यटकांसाठी प्रवेशशुल्काचे नियम वेगळे आणि महाग झाले आहेत. इथे राहणाऱ्यांचा ८० डॉलरचा वार्षिक पास आहे म्हणून निश्चिंत राहू नका. गाडीत कोण कोण बसणार त्याप्रमाणे शुल्काचं पान वाचा.

जागा नाहीच मिळाली तर? रद्द झालेल्या जागा रोज परत येतात. निघण्याच्या दोन आठवडे आधीपासून सकाळ-संध्याकाळ बघत राहा. एकेक रात्र वेगळ्या जागेत मिळाली तरी घ्या. पार्कांना लागून नॅशनल फॉरेस्टची जमीन आहे, उदाहरणार्थ टीटनच्या भोवती ब्रिजर-टीटन, आणि तिथेही कॅम्पग्राउंडं आहेत. अस्वलांपासून अन्न सांभाळण्याचे नियम मात्र तिथेही तितकेच कडक.

## टप्पा ३: झोपेचं सामान नीट, बाकीचं जमेल तसं

खर्चाला मर्यादा असेल तर तंबूवर कमी आणि झोपण्याच्या सामानावर जास्त खर्च करा. यलोस्टोनमध्ये जुलैच्या रात्रीही पारा शून्य सेल्सिअसजवळ जाऊ शकतो. वर जाताना दर हजार फुटांना तापमान साधारण ३ ते ५ अंश फॅरनहाइटने उतरतं.

स्लीपिंग बॅगवर छापलेला आकडा नीट वाचा. "कम्फर्ट" आणि "लिमिट" असे दोन आकडे असतात. लिमिट म्हणजे कशीबशी रात्र निघेल असा आकडा, आणि मोठ्या अक्षरात बहुतेक तोच छापलेला असतो. बघायचा तो कम्फर्टचा. या पार्कांसाठी तो २५ ते ३० अंश फॅरनहाइटच्या आसपास असावा. लवकर थंडी वाजणाऱ्यांनी त्याहूनही खालचा घ्यावा.

बॅग चांगली आणि तरी रात्रभर पाठ गार, ही तक्रार हमखास येते. दोष मॅटचा असतो. अंगाखाली दबलेली बॅग ऊब देत नाही, कारण तिच्यातली हवा निघून गेलेली असते. जमिनीचा गारवा अडवायचं काम मॅटचं, आणि तिची ताकद आर-व्हॅल्यूने मोजतात. निदान ३, शक्यतो ४. घरातला फुगवायचा जाड बेड इथे आणू नका. आत नुसती हवा असते, ती थंड होते आणि रात्रभर अंगातली ऊब ओढत राहते.

कपड्यांत एकच नियम: अंगाला लागणारा थर सुती नको. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि वारा सुटला की अंगावरच गार पडतं. आत लोकर किंवा सिंथेटिक, त्यावर ऊबेचा थर, त्यावर पाऊस-वारा अडवणारं जाकीट. जीन्स गाडीतच राहू द्या.

सावध: गॅसचा कॅनिस्टर आणि बेअर स्प्रे (अंगावर येणाऱ्या अस्वलाला रोखायचा तिखट फवारा) विमानात चालत नाहीत, हातातल्या सामानात नाही आणि चेक-इनच्या बॅगेतही नाही. दोन्ही उतरल्यावर विकत घ्यायचे. त्यामुळे पहिल्या दिवशी दुकानासाठी दोन तास राखून ठेवा.

निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी घरी एक रात्र तंबूत झोपा. अंगण नसेल तर बैठकीच्या खोलीत. नव्या तंबूत खुंट्या कमी निघणं, पोलची दोरी तुटलेली असणं, स्टोव्ह आणि कॅनिस्टरचे आटे न जुळणं, हे घरी कळलं तर बदलून मिळतं.

## टप्पा ४: पाय

आठ आठवडे आधीपासून आठवड्यातून तीनदा चाला, त्यातलं एक लांब, पाठीवर सॅक घेऊन. जिने चढा, आणि उतराही. गुडघे उतारावरच बोलायला लागतात.

बूट नवे असतील तर सहलीआधी त्यांतून निदान तीस-चाळीस मैल चाललेलं असावं. ट्रेलवर टाचेला कुठे गरम लागलं की त्याच क्षणी थांबा. पुढच्या वळणावर नाही, तळ्यावर पोचल्यावर नाही. बूट काढा, मोजा कोरडा करा, त्या जागेवर टेप लावा. आमच्यासोबतच्या एका बारा वर्षांच्या मुलाने सगळ्यांना थांबवायला नको म्हणून दोन मैल कळ काढली. बूट काढला तेव्हा टाचेची कातडी मोजासोबत निघाली, आणि त्याचे पुढचे चार दिवस गाडीत गेले. मुलांना आधीच सांगून ठेवा, की दुखलं तर बोलायचं आणि सगळे थांबतील.

## टप्पा ५: कॅम्पग्राउंडवर पोचल्यावर

चारच्या आत पोचा. डोंगरात दुपारनंतर पाऊस येतो आणि सूर्य कड्याआड गेला की थंडी एकदम उतरते. पोचल्यावर बहुतेक जण तंबूची पिशवी काढतात. तसं करू नका.

१. आधी अन्न. जागेवर किंवा जवळ अस्वलाला उघडता न येणारा लोखंडी बेअर बॉक्स असतो. गाडीतलं सगळं वासाचं सामान त्यात घाला. वासाचं म्हणजे खाणं तर आहेच, शिवाय टूथपेस्ट, साबण, सनस्क्रीन, लिप बाम, बाळाचे वाइप्स, कचऱ्याची पिशवी, आणि रिकामा असला तरी कूलरसुद्धा. बॉक्स नसेल तर बंद काचांच्या गाडीत, नजरेआड.

२. मग वर बघा. वाळलेलं झाड किंवा लटकलेली मोठी फांदी डोक्यावर असेल तर तंबू तिथे नको. खालीही बघा. खोलगट भाग दिसायला मऊ असतो, पण पाऊस पडला की पाणी तिथेच साचतं.

३. जमिनीवर स्वतः आडवे पडून बघा. उतार असेल तर डोकं वरच्या बाजूला येईल असा तंबू फिरवा.

४. खालचं प्लास्टिक तंबूच्या कडेबाहेर येऊ देऊ नका. बाहेर आलेली कड पावसाचं पाणी गोळा करून तंबूखाली नेते.

५. खुंटी तिरकी ठोका, तिचं डोकं तंबूपासून लांब झुकलेलं. आभाळ निरभ्र असलं तरी सगळ्या दोऱ्या ताणून बांधा. रात्री दोन वाजता वारा सुटल्यावर अंतर्वस्त्रांत बाहेर येऊन दोऱ्या शोधायच्या नसतील, तर त्या पाच वाजताच बांधायच्या.

६. बॅगा आणि मॅट पसरून ठेवा, टॉर्च उशाशी. मगच चहा.

तपासणी: तंबूत एकदा नाक घालून बघा. काही खाण्याचा वास येतो का? मुलांच्या खिशातल्या गोळ्या, सॅकच्या बाजूच्या कप्प्यातलं अर्धं एनर्जी बार, तिथेच असतं.

## टप्पा ६: स्वयंपाक, पाणी आणि अस्वल

८,००० फुटांवर पाणी साधारण ९२ अंश सेल्सिअसला उकळतं. त्यामुळे तूरडाळ साध्या पातेल्यात तासभर ठेवली तरी दाणा कच्चाच राहतो आणि गॅस संपतो. छोटा कुकर न्या, नाहीतर मूगडाळ, रवा, पोहे, नूडल्स यांवर भागवा. फोडणी घरून करून आणलेली बरी. तिचा वास केस आणि कपड्यांत मुरतो, म्हणून स्वयंपाक केलेले कपडे काढून गाडीत ठेवा आणि झोपायला वेगळे घाला. भांडी लगेच घासा. खरकटं पाणी दिलेल्या सिंकमध्येच ओतायचं, झुडपात नाही.

सावध: पाऊस असो, थंडी असो, स्टोव्ह तंबूत पेटवायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला काही कळत नाही.

"जरा पाच मिनिटं तळ्यापर्यंत जाऊन येतो" म्हणून टेबलावर ठेवलेला डबा, ही अस्वलाबाबतची खरी चूक. आम्हीही पहिल्या वर्षी ती केली. परत आलो तेव्हा टेबलाशी रेंजर उभी होती. तिने शांतपणे सांगितलं की माणसाचं अन्न एकदा मिळालेलं अस्वल पुन्हा पुन्हा माणसांत येतं, आणि मग बरेचदा त्याला मारावं लागतं. टेबलावर होता चिवड्याचा डबा. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: टेबलावर अन्न असेल तर हाताच्या अंतरावर मोठं माणूस असतंच.

पाण्याबद्दल. कॅम्पग्राउंडवरचा नळ पिण्याचा असतो, ट्रेलवरचा झरा कितीही नितळ असला तरी नाही. जियार्डिया हा पोट बिघडवणारा जंतू डोळ्यांना दिसत नाही. उकळायचं तर खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट, आणि ६,५०० फुटांच्या वर तीन मिनिटं. बहुतेकांकडे आता दाबून पाणी काढायचा पोकळ तंतूंचा फिल्टर असतो. हे फिल्टर हलके आणि चांगले आहेत, फक्त एकदा ओला झालेला फिल्टर गोठला की संपला.

टीटनमध्ये एका ऑगस्टच्या पहाटे तंबूच्या कापडावर पांढरं दव गोठलं होतं. फिल्टर रात्रभर बाहेर बाटलीला लावलेलाच राहिला होता. सकाळी बाटली दाबली, तर एरवी मुठीने जोर लावल्यावर बारीक धारेत येणारं पाणी नळासारखं झरझर आलं. दोन क्षण बरं वाटलं. मग लक्षात आलं की आतले तंतू फुटलेत आणि पाणी न गाळताच येतंय. बाहेरून फिल्टर अगदी धडधाकट दिसत होता. उरलेले तीन दिवस पाणी उकळूनच प्यायलो. आता रात्री फिल्टर झटकून, पिशवीत गुंडाळून, स्लीपिंग बॅगेत पायाशी असतो.

बेअर स्प्रे ग्लेशियर, यलोस्टोन आणि टीटनमध्ये हवाच, कारण तिथे ग्रिझली, म्हणजे मोठी तपकिरी अस्वलं, आहेत. रॉकी माउंटनमध्ये फक्त काळी अस्वलं. स्प्रे कंबरेच्या पट्ट्याला किंवा छातीवर हवा. सॅकच्या आत ठेवलेला स्प्रे नसल्यातच जमा. सुरक्षेची क्लिप अंगठ्याने काढायचा सराव घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने करा. अस्वल अंगावर येत असेल आणि ३० ते ६० फुटांवर आलं असेल, तेव्हा त्याच्या तोंडापुढे किंचित खाली धरून मारायचा, म्हणजे त्याला फवाऱ्याच्या ढगातून यावं लागतं. डासांच्या औषधासारखा अंगावर किंवा तंबूवर मारण्याची ही वस्तू नाही. तसं केल्याने डोळ्यांची आग तर होतेच, शिवाय जमिनीवर राहिलेल्या वासाने अस्वल जवळ येऊ शकतं. उन्हात तापलेल्या गाडीतही डबा ठेवू नका, फुटतो.

## टप्पा ७: चालण्याचा दिवस

आदल्या रात्री हिशोब करा. तीन मैलांना एक तास, आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. ग्लेशियरमधली ग्रिनेल ग्लेशियरची वाट जाऊन-येऊन दहा मैलांच्या वर आणि चढ सुमारे १,८०० फूट. म्हणजे सव्वाचार तास. हा हिशोब सराव असलेल्या माणसाचा आणि विश्रांती न धरता. विरळ हवा आणि मुलं धरून दीडपट करा, सव्वासहा-साडेसहा. खाणं, फोटो, बूट काढून पाण्यात पाय सोडणं, असं सगळं मिळून आठ तास. नऊला निघालात तर पाच वाजतील. म्हणून सहाला निघा.

रॉकीजमध्ये उन्हाळ्यात दुपारी वीज येते, आणि फार वेळ सांगून येत नाही. माथा किंवा धार गाठायची असेल तर बाराच्या आत झाडांच्या रेषेखाली, म्हणजे ज्या उंचीवर झाडं संपतात तिच्या खाली, परत आलेलं असायला हवं. परत फिरायची वेळ सकाळीच ठरवा आणि सगळ्यांसमोर मोठ्याने सांगा. साडेदहा ठरली असेल तर साडेदहाला, शिखर दोनशे पावलांवर असलं तरी फिरायचं. हा निर्णय वर गेल्यावर घेतला तर नेहमी चुकतो, कारण तिथे सगळ्यांनाच शिखर हवं असतं.

गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज पोचण्याइतकी जवळ आहे. धारेवरून उतरा, एकट्या झाडाखाली थांबू नका, धातूच्या काठ्या बाजूला ठेवा, एकमेकांपासून अंतर ठेवा.

प्राण्यांपासूनचं अंतर: अस्वल आणि लांडगा १०० यार्ड, बाकी बहुतेक प्राणी निदान २५ यार्ड. यलोस्टोनमध्ये माणसांना सगळ्यांत जास्त जखमी करतो तो बायसन, अस्वल नव्हे. तो गाईसारखा संथ चरतो म्हणून लोक फोटोला जवळ जातात, पण धावायला लागला की माणसाच्या तिप्पट वेगाने धावतो. शेपटी वर उचलली गेली की मागे व्हायची वेळ टळत आलेली असते. झाडीतून आणि वाहत्या पाण्याजवळून जाताना मोठ्याने बोला, टाळ्या वाजवा. बुटाला बांधायच्या घंट्या पुरेशा नाहीत.

यलोस्टोनमधल्या गरम झऱ्यांपाशी लाकडी पायवाट सोडायची नाही, कोणत्याही कारणाने. वरची जमीन घट्ट दिसते, पण ती पातळ पापुद्रा असते आणि खाली उकळतं पाणी. लहान मुलाचा हात धरूनच चाला. टोपी उडाली तर उडू द्या.

उंचीचा त्रास ओळखा. नुसतं डोकं दुखत असेल तर थांबा, पाणी प्या, आणखी वर जाऊ नका. चाल लडखडली, बोलणं तुटक झालं किंवा बसल्या जागी धाप लागली, तर वाट न बघता खाली उतरवा. औषध घ्यायचं असेल तर ते डॉक्टरांशी निघण्याआधी बोलून.

तपासणी: गाडी सोडण्याआधी प्रत्येकाच्या सॅकेत पावसाचं जाकीट, टॉर्च, दोन लिटर पाणी, खाणं आणि एक जादा ऊबेचा थर. फोनवर पार्कचा नकाशा आधी उतरवून घ्या, पार्क सर्व्हिसच्या ॲपमध्ये तशी सोय आहे. बहुतेक ट्रेलवर रेंज नसते. कुठे जातोय आणि कधी परतणार, ते मागे राहणाऱ्याला लिहून द्या.

## टप्पा ८: रानातला मुक्काम, हवाच असेल तर

पहिल्याच सहलीत याच्या मागे लागू नका, असं माझं मत. कॅम्पग्राउंडवर तीन-चार रात्री नीट गेल्या की मग.

यासाठी वेगळं परमिट लागतं. टीटनची नोंदणी जानेवारीत सुरू होते, रॉकी माउंटनची मार्चमध्ये. रॉकी माउंटनमध्ये एप्रिल ते ऑक्टोबर झाडांच्या रेषेखाली कडक कवचाचा बेअर कॅनिस्टर सक्तीचा आहे. यलोस्टोनमध्ये बहुतेक जागी अन्न टांगायचा आडवा दांडा असतो, पण दोरी आपली, ३५ फूट. तंबू आणि स्वयंपाकाची जागा यांत १०० यार्ड अंतर ठेवा. शौचासाठी पाणी, वाट आणि तंबूपासून २०० फूट, म्हणजे सत्तर मोठी पावलं लांब जाऊन सहा ते आठ इंच खोल खड्डा खणा. कागद पुरू नका, पिशवीत परत आणा. प्राणी तो उकरतात.

## टप्पा ९: शेवटची सकाळ

तंबू झटकून गुंडाळा, पण दव असेल तर तो ओला आहे हे लक्षात ठेवून घरी गेल्यावर त्याच दिवशी वाळवा. दोन दिवस बंद राहिला तर बुरशी धरते आणि तो वास परत जात नाही. खुंट्या मोजून घ्या. मग सगळ्यांनी एका ओळीत जागेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खाली बघत चालायचं. रबरबँड, दुधाच्या पिशवीचा कोपरा, शेंगदाण्याचं टरफल, सगळं उचलायचं. बेअर बॉक्सच्या मागच्या कोपऱ्यात हात घालून बघा, लोणच्याची बाटली तिथेच राहते.

उरलेला गॅस आणि बेअर स्प्रे विमानात नेता येणार नाही. निघताना शेजारच्या जागेवर नुकतंच कोणी उतरलं असेल तर त्यांना द्या, आणि देताना डब्यावरची मुदतीची तारीख दाखवा.